लॉग वाचायचे कोणी? पतसंस्थेच्या सर्व्हरवरच्या कामाच्या नोंदी, जुलै २०२४

सोमवार, १ जुलै २०२४

सकाळी आल्या आल्या सर्व्हरचा इशारा: मूळ डिस्क ९६ टक्के भरली. डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली, डिस्क एकूण ४० जीबी. एवढं भरण्यासारखं त्यावर काही नाही, डेटाबेस दुसऱ्या डिस्कवर आहे.

कोणी किती जागा घेतली ते दाखवणारी डीयू ही कमांड लावून शोधत /व्हार/लॉगमध्ये पोचले. मशीन आपल्या कामाच्या नोंदी, म्हणजे लॉग, लिहितं ती ही डिरेक्टरी. एकट्या सिसलॉग या फाईलचे ११ जीबी. डेबियन ११ मध्ये सिसलॉगचं रोज रात्री रोटेशन होतं, म्हणजे जुनी फाईल बाजूला ठेवून नवी सुरू होते, आणि मागचे सात दिवस ठेवले जातात, त्यामुळे फाईल एवढी फुगायलाच नको. सिसलॉगची पहिली ओळ उघडली: २० मार्च, मध्यरात्रीनंतर सात सेकंद, लॉग लिहिणाऱ्या आरसिसलॉगला नवी फाईल उघडायचा निरोप मिळाल्याची नोंद. म्हणजे शेवटचं रोटेशन २० मार्चच्या मध्यरात्री झालं आणि त्यानंतर साडेतीन महिने एकदाही नाही.

मग परमिशन दाखवणारं एलएस लावलं. /व्हार/लॉग ७७७, म्हणजे कोणीही वाचावं, कोणीही लिहावं. आतली प्रत्येक फाईल ७७७. ऑथ.लॉग ७७७, बीटीएमपी ७७७, गेल्या वर्षीच्या जीझिप फाईलीसुद्धा ७७७. हे बघून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

रोटेशन करणाऱ्या लॉगरोटेटची सर्व्हिस रोज रात्री फेल होत होती. निरोप स्पष्ट आहे: फाईल ज्या डिरेक्टरीत आहे तिच्या परमिशन असुरक्षित आहेत, तिथे कोणीही लिहू शकतं, म्हणून ही फाईल वगळतो. लॉगरोटेट रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालतो, आणि जिथे कोणीही काहीही ठेवू शकतं अशा जागी रूटने फाईलींची हलवाहलव करणं धोक्याचं, म्हणून तो हात लावत नाही. त्याचं बरोबरच आहे. साडेतीन महिने रोज रात्री तो तक्रार लिहीत होता आणि ती वाचणारं कोणी नव्हतं. सर्व्हिस फेल झाली की मला मेल यावी, ही सोय आजच केली.

महिन्याचा पहिला दिवस, सगळ्या काउंटरवर गर्दी. आज परमिशनला हात लावणार नाही. फक्त पॅकेजं बसवणाऱ्या एपीटीची साठवण रिकामी करून डिस्क ९१ टक्क्यांवर आणली.

मंगळवार, २ जुलै

रूटच्या कमांडच्या इतिहासात ओळ सापडली: सीएचमॉड -आर ७७७ /व्हार/लॉग. म्हणजे ती डिरेक्टरी आणि आतलं सगळं ७७७ करा. वेळ नोंदलेली नाही, पण सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या कामाच्या कागदावर तारीख आहे. २० मार्च, एसएमएस मॉड्यूल बसवलं.

काय झालं असेल ते डोळ्यांसमोर येतं. मॉड्यूल स्वतःच्या वेगळ्या युजरने चालतं, तेवढं त्यांनी चांगलं केलंय. त्याला थेट /व्हार/लॉगमध्ये एसएमएस.लॉग तयार करायची होती. ती डिरेक्टरी रूटची, ७५५, दुसऱ्या कोणाला तिथे नवी फाईल करता येत नाही. पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’ आलं. संध्याकाळच्या आत मॉड्यूल सुरू करून द्यायचं होतं. ७७७ दिलं, चाललं, मुलगा शेवटच्या एसटीने परत गेला. त्याच्यावर राग नाही. पण त्या एका ओळीने काय काय उघडं पडलं, ते आज दिवसभर मोजत बसले.

या मशीनवर नऊ खाती आहेत. त्यातलं ‘काउंटर’ हे खातं सातही शाखा मिळून वापरतात. म्हणजे सगळे लॉग सगळ्यांना वाचता येत होते, एवढंच नाही तर बदलता आणि पुसताही येत होते.

लॉगिनच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑथ.लॉगमधल्या दोन ओळी इथे लिहून ठेवते, मजकूर बदलून. पहिली: अमुक नावाचा युजर अस्तित्वात नाही. ते ‘अमुक’ म्हणजे एक मोठं अक्षर, पाच लहान अक्षरं, एक चिन्ह आणि एक साल. कोणीतरी घाईत नावाच्या जागी पासवर्ड टाइप केला. दुसरी ओळ नऊ सेकंदांनंतरची, त्याच पत्त्यावरून, आता खऱ्या नावाने यशस्वी लॉगिन. दोन ओळी शेजारी शेजारी वाचल्या की नाव आणि पासवर्ड दोन्ही हातात. फसलेल्या लॉगिनांची बीटीएमपी ही फाईल म्हणूनच मुळात ६६० असते, बाहेरच्याला वाचता येत नाही. त्या माणसाला फोन करून पासवर्ड बदलायला लावला.

एसएमएस.लॉग त्याहून वाईट. सभासदाचा पूर्ण मोबाइल नंबर, खात्याचे शेवटचे चार आकडे, आणि ओटीपी. अख्खा ओटीपी, जसाच्या तसा.

आमच्याकडे रोज पिग्मीचे पन्नास-शंभर रुपये भरणाऱ्या भाजीवाल्या मावशी आहेत. त्यांनी आपला नंबर आम्हाला दिला तो पैसे जमा झाल्याचा मेसेज यावा म्हणून. सातही शाखांच्या काउंटरवरून तो वाचता यावा म्हणून नाही. सन २०१८ च्या मे महिन्यात ट्विटरला जाहीर सांगावं लागलं होतं की पासवर्ड आतल्या एका लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते, आणि ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायचा सल्ला द्यावा लागला. एवढ्या मोठ्यांकडे होतं ते आपल्याकडे होणार नाही, असं समजून चालत नाही.

साहेबांना दुपारी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “बंद किती वेळ ठेवावं लागेल?” शनिवारी कामकाज संपल्यावर दोन तास मागून घेतले. ओटीपी लॉगमध्ये लिहू नका, असं कंपनीला लेखी कळवलं.

बुधवार, ३ जुलै

योग्य परमिशन कोणत्या, हे आठवणीवर सोडायचं नाही असं ठरवलं. व्हर्च्युअल मशीनवर कोरं डेबियन ११ टाकलं, लागणारी तीच पॅकेजं टाकली, आणि फाइंडने /व्हार/लॉगमधल्या प्रत्येक गोष्टीचा आकडा, ओनर, ग्रुप आणि नाव यांची यादी काढली. तीच यादी आपल्या सर्व्हरवरून काढली. दोन्हींचा डिफ, म्हणजे दोन्हींतला फरक, हीच करायच्या कामांची यादी.

त्याच मशीनवर एक प्रयोग करून पाहिला, कारण उद्या कोणीतरी विचारणार: “फाईल ६४० केली, मग डिरेक्टरी ७७७ असली म्हणून काय बिघडलं?” ऑथ.लॉग रूटची, ६४०, म्हणजे बाहेरच्याला वाचताही येत नाही. डिरेक्टरी ७७७. साध्या युजरने फाईल वाचायला गेले, नाही म्हणाली. त्याच युजरने तिचं नाव बदललं. बदललं गेलं. पुसून टाकली. गेली. मग त्याच नावाची स्वतःची फाईल करून ठेवली, तीही झाली.

नाव बदलणं आणि पुसणं हे फाईलवर लिहिणं नाही, ते डिरेक्टरीवर लिहिणं आहे. डब्याचं झाकण कितीही घट्ट असलं तरी फळीवरून डबाच उचलून नेता येतो. /टीएमपीसारख्या ठिकाणी यावर स्टिकी बिटचा उपाय असतो, दुसऱ्याची फाईल हलवता येत नाही. इथे तोही नव्हता.

शुक्रवार, ५ जुलै

नव्या साहाय्यकाला बसवून आकडे समजावले. वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १. पहिला आकडा ओनरचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकी जगाचा. ६४० म्हणजे ओनर लिहील-वाचेल, ग्रुप नुसता वाचेल, बाकीच्यांना काही नाही. लॉगसाठी डेबियनची रीत हीच आहे: ओनर रूट, ग्रुप एडीएम. लॉग वाचायचं काम ज्यांचं आहे त्यांना एडीएममध्ये घाला, रूट व्हायची गरज नाही. रेड हॅटच्या घराण्यात मेसेजेस आणि सिक्युअर या फाईली ६०० असतात, रूटशिवाय कोणी वाचायचं नाही. मला डेबियनची रीत जास्त पटते. लॉग वाचण्यासाठी रूटचा पासवर्ड वाटावा लागला, तर लॉग सांभाळून काय मिळवलं?

डिरेक्टरीवर ‘चालवणं’ म्हणजे काय, हे त्याने विचारलं. आत शिरायची मुभा. ती नसेल तर आतली फाईल ६४४ असली तरी तिच्यापर्यंत पोचता येत नाही.

शनिवार, ६ जुलै

साडेचारला एसएमएस मॉड्यूल बंद केलं. क्रम असा ठेवला: आधी डिरेक्टरी, मग फाईली, मग मॉड्यूलची नवी जागा, शेवटी रोटेशन.

/व्हार/लॉग ७५५. सिसलॉग, ऑथ.लॉग, कर्न.लॉग आणि आरसिसलॉगच्या बाकी फाईली ६४०, रूट आणि एडीएम. लॉगिनांचा इतिहास ठेवणारी डब्ल्यूटीएमपी ६६४ आणि बीटीएमपी ६६०, दोन्हींचा ग्रुप यूटीएमपी. पॅकेजं बसवल्याच्या नोंदींची डीपीकेजी.लॉग ६४४, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

जर्नल म्हणजे सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीचा स्वतःचा लॉग. त्याच्या डिरेक्टरीशी जपून वागावं लागलं. तिच्यावर मुळात सेटजीआयडी असतो, म्हणजे २७५५, त्यामुळे आत होणाऱ्या नव्या फाईलींना ग्रुप आपोआप सिस्टमडी-जर्नल मिळतो. ७७७ दिल्यावर तो गेला असेल असं वाटलं होतं, पण जीएनयूचा सीएचमॉड तीन आकडी संख्या दिली तर डिरेक्टरीवरचा सेटजीआयडी काढत नाही. २७७७ होतं. सिस्टमडी-टेंपफाइल्स या कमांडला /व्हार/लॉग/जर्नल एवढाच पत्ता देऊन चालवलं, तिने मूळ आकडे आणि एडीएम ग्रुपची एसीएल (नावानिशी दिलेली जादा परवानगी) पुन्हा बसवली. जुन्या साठवलेल्या जर्नल फाईली हाताने ६४० केल्या.

मॉड्यूलला स्वतःची डिरेक्टरी दिली: /व्हार/लॉग/एसएमएस, ओनर एसएमएस, ग्रुप एडीएम, २७५०. जुनी एसएमएस.लॉग उचलून त्यात ठेवली, ६४० केली, मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये पत्ता बदलला. कंपनीने लॉगरोटेटसाठी ठेवलेल्या फाईलमध्येही पत्ता बदलला.

लॉगरोटेट आधी -डी लावून चालवला. त्यात काय होणार ते नुसतं सांगतो, करत काही नाही. सगळं सुरळीत. मग खरोखर चालवला. सिसलॉगचं नाव सिसलॉग.१ झालं, नवी फाईल ६४०. दाबण्याचं काम सेटिंगप्रमाणे पुढच्या फेरीला होतं, पण ११ जीबी तोवर ठेवणं परवडणारं नव्हतं, जीझिप हाताने चालवलं. ६१० एमबी झाली. डिस्क ६७ टक्के.

सव्वासहाला मॉड्यूल सुरू. चाचणीचा मेसेज माझ्या मोबाइलवर आला.

सोमवार, ८ जुलै

आजचा दिवस या सगळ्या कामातला सर्वांत शिकवणारा.

दहाला उंब्रजच्या शाखेतून काकांचा फोन. “ताई, एका सभासदाला मेसेज गेला नाही म्हणतोय, पण इथे तर गेल्याचं दिसतंय,” असं म्हणून त्यांनी एसएमएस.लॉगमधली ओळ वाचून दाखवली. आजची, नऊ बावन्नची.

मी शनिवारी सगळं बंद केलं होतं. काउंटर खात्याला त्या डिरेक्टरीत शिरताच येणार नाही, असं मी धरून चालले होते.

इकडे सर्व्हरवर पाहिलं तर एसएमएस.लॉग शून्य बाइटची, परमिशन ६६६. आणि शेजारची एसएमएस.लॉग.१ वाढत चाललेली.

दोन्ही गोष्टी सोडवायला दुपार झाली.

पहिली, ६६६ कुठून आलं? कंपनीच्या लॉगरोटेटच्या फाईलमध्ये खालच्या बाजूला ओळ आहे: क्रिएट ०६६६ रूट रूट. मार्चपासून रोटेशनच बंद असल्यामुळे ती कधी चाललीच नव्हती. मी रोटेशन सुरू केलं, आणि त्याच रात्री ती जागी झाली. शनिवारी मी पत्ता बदलला, पुढच्या ओळी वाचल्या नाहीत. फाईलला हाताने दिलेली परमिशन त्या फाईलपुरती. रात्री बाराला ती फाईल बाजूला होते आणि दुसरी जन्माला येते. परमिशन टिकवायची असेल तर फाईल जन्मते तिथे सांगावी लागते. आरसिसलॉगच्या सेटिंगमध्ये फाईल-क्रिएट-मोड ०६४० लिहिलेलं असतं ते त्यासाठीच, आणि तेही नवी फाईल करतानाच लागू होतं. आधीच असलेल्या फाईलला ते हात लावत नाही.

दुसरी, काका कसे वाचत होते? परमिशन तपासली जाते फाईल उघडताना. एकदा उघडली की प्रत्येक ओळीला पुन्हा कोणी विचारत नाही. काकांच्या मशीनवर शुक्रवारपासून टेल -एफ ही फाईलमधली प्रत्येक नवी ओळ दाखवत राहणारी कमांड चालू होती, तो पडदा कोणी बंद केला नव्हता. मी फाईल हलवली, परमिशन काढली, रात्री तिचं नाव बदललं गेलं, तरी त्यांच्या हातात तीच फाईल उघडी राहिली. मॉड्यूलचंही तेच. त्याला नवी फाईल उघडायला कोणी सांगितलं नाही, म्हणून ते नाव बदललेल्या जुन्या फाईलमध्येच लिहीत बसलं. दोघं एकाच फाईलला धरून होते, म्हणून काकांना ताज्या ओळी दिसत होत्या.

एलएसओएफ लावून /व्हार/लॉगमधल्या उघड्या फाईली कोणाकडे आहेत ते पाहिलं. काउंटर खात्याची तीन सेशन, तिन्ही बंद केली. हे शनिवारीच करायला हवं होतं. यादीत आता लिहून ठेवलंय: परमिशन काढली की उघडे हात तपासायचे.

सभासदाचा मेसेज मोबाइल कंपनीकडून परत आला होता, त्याचा नंबर बंद होता. काकांना तसं कळवलं.

मंगळवार, ९ जुलै

लॉगरोटेटच्या फाईलमध्ये क्रिएटऐवजी कॉपीट्रंकेट केलं. मॉड्यूलला ‘फाईल पुन्हा उघड’ असं सांगायची सोयच नाही, त्यामुळे त्याच्याखालची फाईल हलवायची नाही, तिची नक्कल काढायची आणि मूळ फाईल रिकामी करायची. नक्कल आणि रिकामं करणं यांच्या मधल्या क्षणात आलेली एखादी ओळ हरवू शकते. मॉड्यूलला ती सोय येईपर्यंत हे चालवून घेणं भाग आहे.

मॉड्यूलच्या सर्व्हिस फाईलमध्ये यूमास्क ००२७ टाकला, म्हणजे नव्या फाईलीतून कोणत्या परवानग्या वगळायच्या तो आकडा. आता ते स्वतः जी फाईल करेल ती ६४० होईल. आधी ०२२ होता, म्हणून ६४४ व्हायची.

मग एक पाऊल चुकलं. त्याच सर्व्हिस फाईलमध्ये लॉग्स-डिरेक्टरी अशी सोय असते, सिस्टमडी स्वतः डिरेक्टरी करून देतो. चांगली सोय म्हणून लिहिली आणि सर्व्हिस पुन्हा सुरू केली. डिरेक्टरी ७५५ झाली आणि आतल्या सगळ्या फाईलींचा ग्रुप एडीएमचा एसएमएस झाला. सिस्टमडी सर्व्हिसचा युजर आणि ग्रुप बघतो, डिरेक्टरीचा ओनर-ग्रुप त्याच्याशी जुळला नाही तर आतपर्यंत सगळं बदलून टाकतो. आकडा सांगितला नाही तर ७५५ धरतो. त्याच्या जागी ते बरोबर आहे, पण मला ग्रुप एडीएमच हवा. ती ओळ काढली आणि टेंपफाइल्सच्या सेटिंगमध्ये एका ओळीत लिहून टाकलं: ही डिरेक्टरी, २७५०, एसएमएस, एडीएम. आता मशीन सुरू होताना प्रत्येक वेळी ती तशीच होईल.

गुरुवार, ११ जुलै

डिरेक्टरीचा ओनर एसएमएस युजर आहे, यावर दोन दिवस विचार चालू होता. २०१६ साली डेबियनच्या एनजिनएक्स या वेबसर्व्हरच्या पॅकेजमध्ये नेमकी हीच फट सापडली होती, सुरक्षेतल्या त्रुटींच्या यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०१६-१२४७. लॉगची डिरेक्टरी वेबसर्व्हरच्या युजरच्या मालकीची होती. तो युजर कोणाच्या हाती लागला, तर लॉगच्या जागी दुसऱ्याच एखाद्या फाईलकडे बोट दाखवणारी सिमलिंक ठेवायची आणि रात्रीच्या रोटेशनची वाट बघायची. रोटेशननंतर एनजिनएक्सचा मुख्य प्रोसेस, जो रूट म्हणून चालतो, ‘लॉग’ म्हणून भलतीच फाईल उघडायचा. त्यातून साध्या वेब युजरला रूट होता येत होतं. आपल्याकडचं एनजिनएक्स त्यानंतर पुष्कळ पुढचं, डिरेक्टरी रूटची आहे, हे आज पाहून घेतलं.

एसएमएससाठी लॉगरोटेटच्या फाईलमध्ये ‘एसयू एसएमएस एडीएम’ ही ओळ टाकली. त्या डिरेक्टरीत लॉगरोटेट आता रूट म्हणून जात नाही, त्याच युजरचे हात घेऊन जातो. सिमलिंक ठेवली तरी त्या युजरला जे करता आलं असतं तेवढंच होईल.

शुक्रवार, १२ जुलै

एडीएम ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते पाहिलं. चार नावं. दोघं नोकरी सोडून गेलेले, एक काउंटर खातं, एक मी. परमिशनचे आकडे कितीही नीट बसवले तरी ग्रुपची यादी अशी असेल तर उपयोग शून्य. तिघांना काढलं, सोडून गेलेल्यांची खातीही बंद केली. ग्रुप लॉगिनच्या वेळी ठरतो, त्यामुळे काउंटर खात्याची सगळी सेशन आज पुन्हा तोडावी लागली, नाहीतर जुनं सेशन एडीएम म्हणूनच चालू राहिलं असतं.

कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, निरोप साध्या युजरला बंद आहेत. लिनक्स २.६.३७ पासून त्यासाठी वेगळं सेटिंग आहे आणि डेबियनने ते चालूच दिलेलं असतं.

सोमवार, १५ जुलै

काकांचा प्रश्न उरला होता. गेले आठ दिवस ते दिवसातून चार वेळा मला फोन करतात: मेसेज गेला का, परत का आला. सभासद काउंटरवर उभा असतो. त्यांना उत्तर द्यायचं तर त्यांना ते दिसायला हवं. वाचणाऱ्याची गरज खरी असेल आणि आपण नुसतंच बंद केलं, तर महिन्याभरात कोणीतरी पुन्हा ७७७ देणार. एडीएममध्ये घातलं तर ऑथ.लॉगही उघडतो. म्हणून एसीएल.

काकांना त्यांच्या स्वतःच्या नावाचं खातं दिलं. सेटएफएसीएलने त्या खात्याला /व्हार/लॉग/एसएमएस या डिरेक्टरीत शिरायची आणि आतली फाईल वाचायची मुभा दिली. नव्या फाईलींसाठी डिफॉल्ट एसीएल लावली, आणि त्यात बाकी जगाला काहीच नाही हे मुद्दाम लिहिलं, कारण डिफॉल्ट एसीएल असली की यूमास्क विचारातच घेतला जात नाही.

काका म्हणाले, दिसत नाही. पाहिलं तर मीच सवयीने फाईलवर सीएचमॉड ६०० चालवलं होतं, एक गोष्ट तपासायला. एसीएल असलेल्या फाईलवर मधला आकडा हा ग्रुपचा राहत नाही, तो मास्क होतो, सगळ्या जादा परवानग्यांची कमाल मर्यादा. तो शून्य केला की एसीएलमध्ये काकांचं नाव आहे, ‘वाचणं’ लिहिलेलं आहे, आणि शेजारी ‘इफेक्टिव्ह’च्या पुढे तीन रेघा. ६४० केलं, दिसायला लागलं. एलएसमध्ये आकड्यांच्या शेवटी अधिकचं चिन्ह असेल तर आधी गेटएफएसीएल बघायचं, नुसत्या आकड्यांवर भरवसा ठेवायचा नाही. साहाय्यकाच्या वहीत हे लिहून दिलं.

बुधवार, १७ जुलै

आषाढी एकादशी, संस्थेला सुट्टी. मशीन पूर्ण बंद करून सुरू करायला असा दिवस पुन्हा मिळणार नाही, म्हणून घरून केलं. सुरू झाल्यावर डिफ काढला: एसएमएस डिरेक्टरी २७५०, एसीएल जागेवर, जर्नल २७५५.

लॉग किती दिवस ठेवायचे, तेही आज ठरवून टाकलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग सुरक्षित ठेवायला सांगितलंय, आणि बॉडी कॉर्पोरेटना (कंपन्या आणि व्यावसायिक संस्थांना) ते लागू आहे. डेबियनच्या मूळ सेटिंगमध्ये सिसलॉग सात दिवस, बाकीचे चार आठवडे. सिसलॉग १८३ दिवस केला, बाकीचे २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस. दाबलेल्या फाईलींना जागा फार लागत नाही.

ऑथ.लॉगवर चॅटर +ए लावून पाहिलं, म्हणजे फाईलमध्ये फक्त शेवटी भर घालता येते, मागचं बदलता येत नाही. कल्पना छान, पण अशा फाईलचं नावही बदलता येत नाही, त्यामुळे लॉगरोटेट अडला. रोटेशनच्या आधी काढायचं आणि नंतर लावायचं असं करता येतं, पण जो रूट झाला त्याला तेही काढता येतं. त्यापेक्षा आरसिसलॉगमधून ऑथचे निरोप दुसऱ्या मशीनवर पाठवायला सुरुवात केली. इथला रूट तिथलं पुसू शकत नाही.

सोमवार, २२ जुलै

कंपनीने नवं मॉड्यूल दिलं. ओटीपी लॉगमध्ये येत नाही, मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे दिसतात, काकांना तेवढे पुरतात. लॉगचा पत्ता नव्या आवृत्तीत आमच्याच डिरेक्टरीचा ठेवलाय, आणि बसवण्याच्या सूचनांतून सीएचमॉडची ओळ काढलीय. तिथल्या मुलाने फोनवर लॉगरोटेटची आमची फाईल मागून घेतली. लगेच पाठवली.

मार्च ते जुलैचे जुने लॉग, ज्यात पूर्ण नंबर आहेत, वेगळ्या डिरेक्टरीत, ७००, रूट. मुदत संपेल त्या तारखेची आठवण लावलीय.

सोमवार, २९ जुलै

चार रविवारची रोटेशन झाली. बाकी जगाला लिहिता येतं अशी कोणतीही फाईल /व्हार/लॉगमध्ये आहे का, हे शोधणारं फाइंड रोज पहाटे चालतं, सिमलिंक वगळून, कारण लिंकवर ७७७ दिसतंच. यादीशी डिफही त्याच वेळी निघतो. काही सापडलं तर मला आणि साहाय्यकाला मेल. पंधरा दिवसांत एकच आली, नव्या पॅकेजने केलेल्या एका फाईलची. ती योग्य होती, यादीत घातली.

डिस्क ५८ टक्के.

काकांचा फोन आला नाही म्हणून दुपारी मीच केला. म्हणाले, “एकाचा मेसेज परत आला होता, मीच बघितलं, नंबर बदललाय त्याचा, फॉर्म भरून घेतला.”

बाकी राहिलेलं: काउंटर खातं अजून सहा शाखा वापरतात. ऑगस्टमध्ये प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं खातं. सुरुवात मसूर शाखेपासून.